३२ किलोमीटर धावून आले आणि वजन वाढलं

अंगठी निघत नव्हती. साबण लावून बघितला, खोबरेल लावून बघितलं, बोट लालबुंद झालं तरी निघेना. ही अंगठी एरवी मला सैल होते, भांडी घासताना मोरीत जाईल म्हणून मी ती काढून ओट्यावर ठेवते, आणि त्या रविवारी तर मी पाच तास घाम गाळून आले होते, म्हणजे अंग सुकायला हवं होतं ना, फुगलं कसं? घड्याळाचा पट्टापण मनगटात रुतून वळ उठलेला. मी वजनकाट्यावर उभी राहिले. पहाटे निघताना ६१.२ होतं. आता ६२.५.

दोनदा उतरून परत चढले. ६२.५ च.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली. जानेवारीत पहिली फुल मॅरेथॉन करायची म्हणून आमच्या ठाण्याच्या ग्रुपबरोबर लाँग रन चालू होते. त्या दिवशी उपवन तलावापासून पोखरण रोडवर जाऊन परत, असा चार किलोमीटरचा एक राउंड आणि असे आठ राउंड मारायचे होते. ग्रुपमधले एक काका गाडीची डिकी उघडी ठेवून उभे, त्यात पाण्याच्या बाटल्या, केळी, खजूर, चिक्की. प्रत्येक राउंडला काका बाटली हातात द्यायचे आणि म्हणायचे, "ताई, पिऊन टाक पूर्ण, तहान लागली म्हणजे उशीर झालेला असतो." मी आज्ञाधारक बाई, प्रत्येक वेळी बाटली रिकामी करून द्यायचे. मला तहान नव्हती, चौथ्या राउंडनंतर तर पोटात पाणी डुचमळायला लागलेलं, चालताना आवाज यायचा, तरी प्यायले, कारण सगळे सांगतात पाणी कमी पडता कामा नये. आठ राउंडचं मिळून चार लिटर, शेवटी एक मोठं शहाळं, आणि घरून निघताना मुद्दाम प्यायलेले दोन मोठे ग्लास. त्यात गुडघा दुखत होता म्हणून विसाव्या किलोमीटरला पेनकिलर घेतली. हे पेनकिलरचं लक्षात ठेवा, पुढे येणारे.

घरी आल्यावर डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू झाली आणि मुलगी काहीतरी विचारत होती त्याचं उत्तर मला सुचत नव्हतं, म्हणजे शब्द माहिती आहे पण तोंडात येत नाही असं. ग्रुपवर टाकलं तर दहा मिनिटांत अकरा जणांचे मेसेज, सगळ्यांचं एकच, डिहायड्रेशन आहे, भरपूर पाणी पी, इलेक्ट्रॉल घे. नवऱ्याने ग्लास भरून आणलाही. मी तो प्यायले नाही. शहाणपणा वगैरे काही नाही, तोंडाजवळ नेला आणि उलटी झाली म्हणून राहिला. आज वाटतं, बरं झालं.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या, २७-२८ वर्षांच्या असतील. नवरा सारखा म्हणत होता, "मॅडम, सलाईन लावा ना लवकर, पाच तास धावलीये." त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही, माझ्या फुगलेल्या बोटांकडे बघितलं आणि विचारलं, "पाणी किती प्यायलात?" मी म्हटलं पाच लिटरच्या आसपास. "आणि लघवीला?" सकाळपासून एकदाच, तीपण थोडीशी. मी वजनाचं सांगितलं तशी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि रक्त घेऊन सोडियम तातडीने करायला पाठवलं. रिपोर्ट आला १२७. नॉर्मल १३५ ते १४५ असतं.

मॅडम नवऱ्याला म्हणाल्या, "यांना पाणी कमी नाही पडलंय, जास्त झालंय. आता साधं सलाईन लावलं तर आणखी पाणी आत जाईल. लागलंच तर तीन टक्क्यांचं खारट सलाईन देऊ, तेही थोडंसंच." मला ते लागलं नाही. पाणी बंद, दोन खारट सूप, आणि बेडवर पडून लघवीची वाट बघायची. साधारण तीन तासांनी सुरू झाली आणि मग थांबेचना, संध्याकाळपर्यंत डोकं उतरलं, रात्री अंगठी आपोआप निघाली. दुसऱ्या दिवशी सोडियम १३६.

याला हायपोनेट्रेमिया म्हणतात, रक्तातलं सोडियम पातळ होणं. अंगात मीठ आहे तेवढंच (किंवा घामातून गेल्यामुळे थोडं कमी) आणि पाणी भरमसाट, म्हणजे आमटीत पाणी जास्त झाल्यासारखं. ते पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. बोट फुगलं तर अंगठी अडकते, पण मेंदू फुगला तर त्याला जागा कुठे आहे, कवटी काही ताणत नाही. म्हणून डोकेदुखी, मळमळ, शब्द न सुचणं, आणि पुढे गेलं तर फिट, बेशुद्धी आणि त्याच्याही पुढे. हे समजल्यावर मला खरी भीती वाटली, त्या दिवशी हॉस्पिटलात वाटली नव्हती तेवढी.

मग प्रश्न पडला की जास्तीचं पाणी लघवीवाटे का नाही गेलं? एरवी आपण दोन ग्लास जास्त प्यायलो तर अर्ध्या तासात बाथरूम गाठतो. तर बराच वेळ कष्ट चालू असले की शरीर एक हार्मोन सोडतं, व्हॅसोप्रेसिन, त्याचं काम म्हणजे किडनीला सांगायचं की पाणी धरून ठेव. उन्हात मैलोन् मैल चालणाऱ्या आपल्या पूर्वजांना ते वरदानच असणार, पण दर चार किलोमीटरला बाटली घेऊन उभे असलेले काका त्याच्या हिशोबात नव्हते. मळमळ, वेदना यांनीही ते वाढतं. आणि ती पेनकिलर, आयबुप्रोफेन जातीच्या गोळ्या, त्यांच्यामुळे किडनी पाणी आणखी धरते, असं मॅडमनी समजावून सांगितलं. धावताना गोळी घेणारे आमच्या ग्रुपमध्ये निदान सहा जण होते. आता मी प्रत्येकाला टोकते, वाईट वाटलं तरी चालेल.

घरी आल्यावर मी याच्यावर मिळेल ते वाचत सुटले. आणि कळलं की हे जगाला ठाऊक होऊन जमाना झाला. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्गच्या मध्ये कॉम्रेड्स नावाची साधारण ९० किलोमीटरची शर्यत होते, तिथे १९८० च्या दशकातच टिमोथी नोक्स या डॉक्टरांनी असे धावपटू बघितले, पाण्याने आजारी पडलेले, आणि ते तेव्हापासून ओरडून सांगत होते की तहान लागेल तसं प्या. पण १९९६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या सूचना आल्या त्यात उलट होतं, जेवढा घाम जातो तेवढं प्या किंवा पोटाला सोसेल तेवढं प्या, तासाला ६०० ते १२०० मिलिलिटर. मग २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त फिनिश लाइनवर तपासलं, तर १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि त्याच शर्यतीत एक २८ वर्षांची मुलगी याच कारणाने गेली. तो अभ्यास २००५ मध्ये छापून आला. त्यात कोणाला धोका जास्त हे बघितलं, तर शर्यतीत वजन वाढलेले, चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणारे आणि अगदी बारीक किंवा अगदी जाड अंगाचे लोक. पहिल्या दोन्हींत मी बसते. जोरात पळणाऱ्याला प्यायला सवडच नसते आणि त्याचा घामही भरपूर जातो. हळू पळणाऱ्याचा घाम कमी, वेळ जास्त, वाटेतली पाण्याची टेबलं सगळी लागतात आणि प्रत्येक टेबलावर कोणीतरी प्रेमाने ग्लास पुढे करतं. २००७ मध्ये त्या अमेरिकन कॉलेजनेच सूचना बदलल्या, वजन दोन टक्क्यांपेक्षा जास्त घटू देऊ नका, पण वाढूही देऊ नका. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर मात्र १९९६ चंच फिरतंय.

आता कोणी म्हणेल म्हणजे पाणी पिऊ नका का? थांबा, दादाचं सांगते.

आमचं माहेर अकोला. दादा पन्नाशीचा आहे, तिथल्या पोरांची क्रिकेटची टीम चालवतो, एप्रिल-मेमध्ये टूर्नामेंट असतात आणि पारा ४३-४४ ला टेकलेला असतो. मी फोनवर माझी कथा सांगितली तर दादाने लगेच १९८६ ची मद्रासची टेस्ट काढली, जी टाय झाली. ऑस्ट्रेलियाच्या डीन जोन्सने २१० काढल्या, आठ तासांच्या वर खेळला, खेळताखेळता उलट्या करत होता, पायात गोळे येऊन उभं राहवत नव्हतं, शेवटी दवाखान्यात सलाईनवर गेला. दादा तेव्हा शाळेत होता आणि त्याने दूरदर्शनवर ते बघितलेलं, त्याच्या डोक्यात कायमचं बसलंय की पाणी कमी पडलं की असं होतं. त्याचं चुकीचं नाहीच. मी फक्त एवढंच म्हटलं, दादा एक काटा घेऊन जा ग्राउंडवर. तर म्हणे, "काहून येवढं टेन्शन घेतं वं तू, पोट्टे पेतेत ना पाणी." पण नेला.

त्याचा एक १९ वर्षांचा फास्ट बॉलर आहे, दर मॅचला दुसऱ्या स्पेलमध्ये पोटरीला गोळे येऊन बसणारा, आणि सगळे त्याला नाजूक म्हणायचे. सकाळी नऊला त्याचं वजन भरलं ६८.४. साडेबाराला टॉवेलने अंग पुसून परत काट्यावर, ६५.६. मधल्या साडेतीन तासांत दोन लिटर पाणी प्यायला होता, लघवी एकदाही नाही. म्हणजे घाम किती गेला? २.८ गेलेलं वजन आणि वर प्यायलेले २, असा ४.८ लिटर! दादाने मला तो आकडा फोनवर दोनदा वाचून दाखवला. चार टक्क्यांच्या वर वजन गेलं होतं पोराचं. आणि टोपीवर, शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे. कोणाच्या घामात मीठ कमी असतं कोणाच्या जास्त, लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपासून दीड-दोन ग्रॅमपर्यंत सोडियम जाऊ शकतं, आणि हा पोरगा खारट घामाचा होता. (गोळे फक्त मिठामुळे येतात असं नाही हं, दमलेला स्नायू हेही मोठं कारण आहे, पण त्याच्या बाबतीत दोन्ही होतं.)

गंमत म्हणजे दादाचं म्हणणं होतं की आमच्या पोरांना घाम येतच नाही फारसा, अंग कोरडं असतं. येतो, भरपूर येतो, पण अकोल्याची हवा एवढी कोरडी की आल्या आल्या उडतो. आणि उडतो तेच बरं, कारण घाम उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो, एक लिटर घाम पूर्ण उडाला तर जवळपास ५८० किलोकॅलरी. इकडे ठाण्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा आधीच ओलीचिंब, घाम उडत नाही, नाकावरून, कोपरावरून टपटप गळतो, आणि गळलेला घाम अंगाला गार करत नाही. म्हणून मी निथळलेली दिसते तेव्हा लोकांना वाटतं हिचं केवढं पाणी गेलं, आणि दादाचा बॉलर कोरडा दिसतो तेव्हा वाटतं याचं काही गेलं नाही. डोळ्यांना दिसतं त्याच्या बरोब्बर उलटं आहे हे.

म्हणून मी काट्याच्या मागे लागलेय. करायचं काय तर, निघायच्या आधी लघवीला जाऊन यायचं, कमीत कमी कपड्यांत वजन भरायचं, एक तास नेहमीच्या वेगाने धावायचं (किंवा खेळायचं, सायकल मारायची, काहीही), मध्ये जे प्याल ते मोजून प्यायचं, परत आल्यावर अंग कोरडं पुसून पुन्हा वजन. एक किलो म्हणजे एक लिटर धरायचं. घटलेलं वजन अधिक प्यायलेलं पाणी, हा तुमचा तासाचा घाम, आणि मध्ये लघवीला गेलात तर तेवढं वजा. असं ऋतू बदलला की परत करायचं, कारण आकडा बदलतो. माझ्या वहीत नोव्हेंबरच्या पहाटेचा ७५० मिली आहे, जानेवारीचा ५००, आणि मे महिन्यात एकदा उशीर होऊन साडेआठपर्यंत धावले त्याचा ११००. आता नोव्हेंबरचा तो रविवार लावून बघा, पाच तास गुणिले ७५० म्हणजे पावणेचार लिटर गेलं आणि पाचच्या आसपास आत घेतलं. काट्यावरचा फरक तिथेच सापडतो.

आणि गेलं तेवढं सगळं भरायचंही नसतं. एक-दीड टक्का वजन घटलं तर काही बिघडत नाही, शरीराला ते चालतं, घरी येऊन जेवणाबरोबर भरून निघतं. मी आता लाँग रनला तासाला ४०० मिलीच्या आसपास सोबत ठेवते आणि तहान लागली की घोट घेते. तहान ही काही उशिरा वाजणारी घंटा नाही, रक्त जरासं घट्ट झालं की ती लागतेच, माझ्यासारख्या रमतगमत पळणाऱ्याला तिच्यावर विसंबता येतं. दादाच्या बॉलरसारखा तासाला सव्वा-दीड लिटर घाम गाळणारा असेल तर मात्र नुसत्या तहानेवर भागत नाही, त्याला ठरवून प्यावं लागतं. साठी ओलांडलेल्यांची तहान मंद होते आणि बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर सोडियम तसंही घसरू शकतं, त्यामुळे अशांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, माझ्या ब्लॉगवरून नाही.

प्यायचं काय, यावर थोडं बोलायलाच हवं कारण इथे फार घोळ आहे. मेडिकलच्या काउंटरवर रंगीत खोकी मिळायची, नावात ओआरएस, चवीला ज्यूस, आणि आत साखर ढीगभर, मीठ नावाला. माझ्या मुलीला जुलाब झाले तेव्हा मीही तेच आणलंय, आज जीव चुटपुटतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आदेश काढला की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसेल तर ओआरएस हा शब्द लावायचा नाही. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंनी त्यासाठी कित्येक वर्षं एकटीने झगडा दिला. खरं ओआरएस म्हणजे लिटरभर पाण्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट, बस. ग्लुकोज चवीसाठी नाहीये, आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांचा हात धरून आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावला कॉलऱ्याने पटापट जात होते, सलाईन संपलेलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपात कालवून माणसांना पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आणलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, गेल्यानंतर. हे वाचताना मला भरून आलं होतं. ते पाकीट कापून अर्धं शंभर मिलीच्या सिपरमध्ये घालू नका हो, लिटरचं पाकीट लिटरमध्येच.

पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळा. ताकात मीठ घातलं तरी छान. शहाळं मलाही आवडतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणजे घामातून जे जास्त जातं तेच त्यात कमी आहे. आणि एक, माझ्या मैत्रिणीला वाटत होतं की मिठाची कॅप्सूल घेतली की हवं तेवढं पाणी प्या, काही होत नाही. होतं. जास्तीच्या पाण्यापुढे एवढंसं मीठ पुरं पडत नाही.

कोणी पडलंच तर आधी बघा काय झालंय. उन्हात खेळणारा बरळायला लागला, अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात धरा, सावलीत न्या, बर्फ, गार पाणी अंगावर ओता, लगेच, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ओतत राहा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. आणि चार-पाच तास धावलेला माणूस, बोटं फुगलेली, उलटी, डोकं धरलेलं, पोट पाण्याने टम्म, तर त्याला अजून पाणी पी म्हणू नका, हॉस्पिटलात न्या आणि सोडियम बघायला सांगा.

काकांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. पुढच्या रविवारी डिकीत बाटल्यांच्या बाजूला बाथरूमचा वजनकाटा होता, आणि "पिऊन टाक" च्या जागी विचारलं, "ताई, तहान आहे का?" मी नाही म्हटलं तर त्यांनी बाटली खाली ठेवली.

दादाने मॅचेस सकाळी सातला घ्यायला लावल्या, बॉलरला दर दोन ओव्हरनंतर बाउंड्रीवर लिंबू-मिठाचं पाणी, पंधरा मिनिटं सावली. परवा रात्री त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला, तिरक्या अक्षरात तारीख, ओव्हर १०, प्यायला साडेतीन लिटर, सुरुवात ६८.१, शेवट ६७.२. खाली पेनाने गोल करून लिहिलंय, गोळा नाही.